आमच्या रानातला पाऊस कुठून येतो?

आपल्या राधानगरीत पाऊस भरपूर पडतो हे सगळ्यांना माहीत आहेच. पण तो येतो कुठून आणि कधीकधी चुकतो का, हे मला माहीत नव्हतं. ते मला का शोधावंसं वाटलं, ते आधी सांगते.

२०२३ च्या जूनमध्ये मी दुसरीत गेले होते. आमच्या आज्जानं मे महिन्याच्या शेवटी भाताची धूळवाफ पेरणी केली होती. मिरीग निघाला तरी पाऊस नाही. बी मातीतच राहिलं, काही पाखरांनी खाल्लं. बाबांना दुसरं बी आणावं लागलं. आज्जा सोप्यात बसून म्हणायचा, "माझंच चुकलं. म्या घाई केली." दोन दिवस तो नीट जेवला नाही. यंदा बाईंनी आम्हांला वारे शिकवले, तेव्हा मला आज्जाची आठवण झाली.

चूल पेटली की धूर वर जातो आणि चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. पृथ्वीवरही अशी एक चूल आहे. पृथ्वीच्या मध्यावर विषुववृत्त आहे. तिथं ऊन फार. तिथली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला उत्तरेकडून व दक्षिणेकडून वारे धावत येतात. वर गेलेली हवा लांब जाऊन पुन्हा खाली उतरते. हे चक्र कायम चालू असतं.

पण पृथ्वी फिरते, म्हणून वारे सरळ येत नाहीत. हे मी घरी करून बघितलं. जात्यावर गोल कागद चिकटवला. आईनं जातं घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवलं आणि मी मधून बाहेर पेन्सिलीनं सरळ रेघ ओढली. रेघ उजवीकडे वाकडी झाली! आपल्या उत्तर गोलार्धात वारे असेच उजवीकडे वळतात. दक्षिणेत ते डावीकडे वळतात.

उन्हाळ्यात आपली जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. मग ती चूल जणू उत्तरेला सरकते. दक्षिणेकडचे वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. हेच मोसमी वारे. अरबी समुद्रावरून येताना ते वाफ भरून घेतात. सह्याद्री आडवा आला की त्यांना वर चढावं लागतं. वर हवा थंड. भाताच्या झाकणाला जसे थेंब धरतात, तसे वाफेचे थेंब होतात आणि पाऊस पडतो. म्हणून दाजीपूर, गगनबावड्याला धो धो पाऊस पडतो. डोंगर उतरून वारा शिरोळकडे जातो, तेव्हा त्यात पाणी कमी उरतं.

मग २०२३ साली काय झालं? केरळात पाऊस साधारण १ जूनला येतो, त्या वर्षी तो ८ जूनला आला. त्याच वेळी अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचं चक्रीवादळ उठलं. त्यानं वाफ आपल्याकडे ओढून घेतली आणि १५ जूनला ते गुजरातच्या कच्छात गेलं. मोसमी वारे कोकणात अडकून बसले. शेवटी २५ जूनला पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला.

आणखी एक गोष्ट लांबच्या प्रशांत महासागरात चालू होती. तिथले वारे एरवी समुद्राचं गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. काही वर्षांनी ते वारे मंदावतात आणि गरम पाणी दक्षिण अमेरिकेकडे सरकतं. याला एल निनो म्हणतात. तेव्हा आपल्याकडचा पाऊस बऱ्याचदा कमी होतो. १९७२ च्या दुष्काळातही एल निनो होता. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. पण दरवेळी असंच होतं असं नाही. १९९७ साली मोठा एल निनो असूनही देशात पाऊस नेहमीएवढा झाला.

हे सगळं मी आज्जाला जात्यावरचा कागद दाखवून सांगितलं. तो बराच वेळ कागद बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे वारंच समुद्रात अडकलं हुतं व्हय गं?" मी म्हणाले, "व्हय आज्जा. तुझं काही चुकलं नव्हतं." तो हसला आणि म्हणाला, "तरीबी औंदापास्नं हवामानाच्या बातम्या ऐकूनच पेरायचं."

वारा आपलं ऐकत नाही. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. धरण भरलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. ते बघायला जाल, तेव्हा आठवण ठेवा, की ते पाणी समुद्रावरून वाऱ्याच्या पाठीवर बसून आलेलं आहे. ते जपून वापरूया.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी