थंडी चाळीस दिवसांची, तयारी मात्र उन्हाळ्यापासून!

काश्मीरला जायचं, गुलमर्गच्या बर्फात लोळायचं, भरपूर फोटो काढायचे, हे स्वप्न तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेलच. आपण चार दिवस मजा करून परत येतो. पण जे तिथेच राहतात त्यांचं काय? सकाळी नळ उघडला तर पाणी गोठलेलं, अंगणात गुडघाभर बर्फ आणि घरात लहान मुलं, म्हातारी माणसं. अशा वेळी तिथली कुटुंबं हिवाळा कसा काढतात, हे जाणून घेतलं तर आपल्याही उपयोगाच्या अनेक गोष्टी सापडतात.

चिल्लई कलान म्हणजे काय?

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणजे मोठी थंडी म्हणतात. त्यानंतर २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ म्हणजे छोटी थंडी आणि शेवटी १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. या काळात श्रीनगरमध्ये रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. दल सरोवराचं काठाजवळचं पाणी गोठतं. आपल्याकडे मुलांना मे महिन्याची मोठी सुट्टी असते, तशी तिथे हिवाळ्याची असते.

तिथलंही वाळवण

मोठ्या बर्फवृष्टीत जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला की भाज्यांचे ट्रक अडकतात. म्हणून तिथल्या बायका उन्हाळ्यातच कामाला लागतात. दुधी, वांगी, टोमॅटो, शलगम चिरून उन्हात वाळवतात, काही भाज्या दोऱ्यात ओवून टांगतात. या वाळवलेल्या भाज्यांना ‘होख स्युन’ म्हणतात. ऐन थंडीत त्या भिजवून कधी डाळीबरोबर, कधी मटणाबरोबर शिजवल्या जातात.

ओळखीचं वाटलं ना? आपल्या आजीनेही गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळवलेले असतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची खरेदी होते, तसंच हे. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आणि खोऱ्याला आणखी एक रस्ता मिळाला. तरीही वाळवणाची ही चव बहुतेक घरांना हवीच असते.

फेरनच्या आत कांगडी

काश्मिरी माणूस घोळदार, लांब फेरन घालतो आणि त्याच्या आत कांगडी धरतो. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीसारख्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं. त्यात चिनारच्या वाळक्या पानांचा किंवा लाकडाचा कोळसा घालतात आणि वरून राख पसरतात. मग निखारा कित्येक तास धुमसत राहतो. अनेक जुन्या घरांत ‘हमाम’ही असतो. ही दगडी फरशीची खोली असते आणि फरशीखाली लाकडं पेटवलेली असतात. सगळं कुटुंब तिथेच बसतं. जेवण, अभ्यास, गप्पा, पाहुण्यांना गुलाबी, खारट नून चाय, सगळं त्या एका खोलीत. सगळं घर तापवण्यापेक्षा एक खोली तापवणं कधीही स्वस्त पडतं.

ऊब जपून घ्या

पण हीच ऊब जिवावरही बेतू शकते. कांगडी वर्षानुवर्षं अंगाशी धरल्याने मांड्या आणि पोटाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाला डॉक्टर ‘कांगडी कॅन्सर’ म्हणूनच ओळखतात. त्याहून मोठा धोका बंद खोलीचा. दारं-खिडक्या घट्ट लावून कोळसा किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही. थंडीत अशा मृत्यूंच्या बातम्या येत राहतात.

हा धोका फक्त काश्मीरपुरता नाही. थंड हवेच्या ठिकाणी तंबूत शेगडी घेऊन झोपणं किंवा बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालवणं तितकंच घातक आहे. त्यामुळे एवढं लक्षात ठेवा :

• झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर ठेवा, गॅस हीटर बंद करा.
• हीटर चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवा.
• डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, अचानक सुस्ती जाणवली, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि लगेच डॉक्टर गाठा.
• बधिर झालेले हातपाय थेट विस्तवाजवळ धरू नका. भाजलेलं कळत नाही.
• बर्फाच्या गावात उतरत्या पत्र्याच्या छपराखाली उभे राहू नका. वरून बर्फाचा ढीग घसरतो.

बर्फ नाही पडला तर?

एवढा त्रास होत असूनही पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना ‘शीन मुबारक’ म्हणतात. ‘शीन’ म्हणजे बर्फ. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बरेच दिवस कोरडे होते. तेव्हा पर्यटक हिरमुसले, पण शेतकरी खरे घाबरले. कारण थंडीत डोंगरावर साठलेला बर्फच उन्हाळ्यात वितळून ओढ्यांना, भातशेतीला आणि सफरचंदाच्या बागांना पाणी देतो. सफरचंदाच्या झाडाला चांगला मोहोर येण्यासाठीही पुरेशी थंडी लागते.

म्हणून पुढच्या वेळी बर्फात फोटो काढाल, तेव्हा तिथल्या एखाद्या काकूंना जरूर विचारा, ‘यंदा काय काय वाळवलं?’ तुमच्या आईच्या किंवा आजीच्या वाळवणाबद्दलही त्यांना सांगा. गप्पा रंगतील आणि कदाचित गरमागरम नून चायचा पेलाही हातात येईल.