मेमरी कार्ड घ्यावे की न घ्यावे?

गेल्या मे महिन्यात डोंबिवलीला बहिणीकडे गेलो होतो. घरात माळा साफ करण्याचे काम निघाले होते. जुना टेबलफॅन, पितळी पातेली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांच्यामागून एक खोके निघाले आणि माझ्या भाच्याला घबाडच सापडले. खोक्यात त्याच्या बाबांचे ‘प्लेस्टेशन २’ हे खेळयंत्र होते. हे यंत्र मार्च २००० मध्ये जपानात प्रथम विकले गेले आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे माझ्या भाच्यापेक्षा ते वयाने बरेच मोठे!

यंत्र टीव्हीला जोडले. सुरूही झाले. पण पडद्यावर मेमरी कार्डाची जागा रिकामी दिसत होती. कार्ड तर खाचेत घातलेले होते. भावोजी जरा खिन्न झाले. २००८ साली ते त्यावर क्रिकेटची एक लांबलचक स्पर्धा खेळत होते आणि उपांत्य सामना बाकी असताना नोकरीमुळे खेळ सुटला होता. ती स्पर्धा त्या कार्डात होती.

भाच्याने लगेच पैशांचा डबा काढला. “मामा, कल्याणला स्टेशनजवळच्या दुकानात कार्ड मिळतात. एक आठ एमबीचे आहे आणि एक एकशे अठ्ठावीसचे. दुकानदार म्हणाला, मोठे घे, गेम फास्ट चालेल. घेऊ ना?”

बालमित्रांनो, तुम्ही काय उत्तर दिले असते? डबा रिकामा करण्याआधी आपण या कार्डाचे काम काय, ते पाहू या.

खेळ चालू असतो तेव्हा यंत्र आपली सगळी माहिती ज्या स्मृतीत ठेवते तिला ‘रॅम’ म्हणतात. ‘प्लेस्टेशन २’ ची मुख्य रॅम ३२ मेगाबाइटची आहे. ती अतिशय चपळ असते. पण तिचा एक दुर्गुण असा की, वीज गेली की तिची पाटी कोरी होते. २००५ च्या सुमारास आपल्या राज्यात विजेची मोठी टंचाई होती. कल्याण-डोंबिवलीकरांना भारनियमनाचे तास पाठ असत. तासभर खेळून मिळवलेले सारे दिवे गेल्याबरोबर नाहीसे होई. त्याआधीच्या, कॅसेट घालून खेळायच्या खेळांत तर बहुधा दर वेळी पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागे. मेमरी कार्ड ही वीज गेल्यावरही न विसरणारी स्मृती आहे. खेळ कुठपर्यंत आला याची नोंद ते ठेवते, बाकी काही करत नाही. खेळ चालतो तो तबकडीवरून आणि रॅममध्ये. म्हणून मोठे कार्ड घातल्याने खेळ जलद होत नाही की चित्रे सुबक होत नाहीत. मोठी वही घेतली म्हणून गणिते लवकर सुटतात का? दुकानदाराचे पहिले वाक्यच असे निकालात निघाले.

आता तुम्ही म्हणाल, रॅम ३२ मेगाबाइट आणि कार्ड अवघे ८ मेगाबाइट, मग सारे मावते कसे? याचे उत्तर बुद्धिबळाच्या पटावर सापडेल. डाव अर्धा सोडून जेवायला जायचे आहे. पट उचलून ठेवायचा आहे. तुम्ही काय कराल? कोणते मोहरे कोणत्या घरात आहे, एवढेच कागदावर लिहून ठेवाल. मोहऱ्यांचे आकार, पटाचा रंग, टेबलाचे लाकूड यांची नोंद करण्याची गरज नाही. हिशेबच करू. घरे ६४. प्रत्येक घरात पांढरी सहा किंवा काळी सहा प्रकारची मोहरी असू शकतात, किंवा घर रिकामे असते. अशा १३ शक्यता. चार बिट्सनी १६ शक्यता लिहिता येतात, तेव्हा एका घराला चार बिट पुरेत. ६४ चोक २५६ बिट. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून सारा पट ३२ बाइटमध्ये मावला! पुढची चाल कोणाची, हे लिहायला आणखी एक बिट लागेल, तो सोडून देऊ. ८ मेगाबाइट म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. भागाकार करा: २,६२,१४४ अर्धे डाव त्यात लिहून ठेवता येतील.

व्हिडिओ खेळांच्या नोंदी याहून मोठ्या असतात. पण त्यांचाही आकार ओळखण्यासाठी अंदाज बांधण्याची गरज नाही. खेळाच्या डबीच्या मागे बारीक अक्षरांत, मेमरी कार्डावर किमान किती किलोबाइट जागा लागेल ते छापलेले असते. भाच्याला मी कागद-पेन्सिल घेऊन बसवले. घरात सहा डब्या होत्या. पाच डब्यांवरचे आकडे निघाले ६२, ११०, १८५, ९५ आणि ५४०. सहावीवर कार्डाचा उल्लेखच नव्हता, म्हणजे तो खेळ नोंद ठेवतच नव्हता. बेरीज झाली ९९२. आठ मेगाबाइटच्या कार्डावर वापरायला सुमारे ८००० किलोबाइट मिळतात. म्हणजे घरातल्या सर्व खेळांना मिळून कार्डाचा आठवा हिस्सा लागणार होता. त्याने आणि बहिणीने स्वतंत्र नोंदी ठेवल्या तरी पाव कार्ड! एकशे अठ्ठावीसच्या कार्डाचे काय करायचे, हे मग मला सांगावे लागले नाही.

मोठ्या कार्डांबद्दल आणखी एक गोष्ट. या यंत्राच्या कंपनीचे नेहमीचे कार्ड ८ मेगाबाइटचे. त्याहून मोठी कार्डे बहुतेक इतर उत्पादकांची असतात आणि ती प्रत्येक खेळाशी नीट जुळतीलच असे नाही. उलट बाजूचाही सापळा आहे. पहिल्या प्लेस्टेशनचे कार्ड याच आकाराचे असते आणि या खाचेत बसतेही. पण ‘प्लेस्टेशन २’ चे खेळ त्यावर नोंद करत नाहीत. त्याची धारणक्षमता १२८ किलोबाइट, म्हणजे आठ मेगाबाइटचा चौसष्टावा भाग. काही वेळा त्यावर ‘१ मेगाबिट’ असे छापलेले असते आणि घाईत आपण ते ‘१ मेगाबाइट’ वाचतो. बिट आणि बाइट यांत आठपटींचा फरक आहे, हे दुकानात उभे असताना आठवावे.

एवढे झाल्यावर मी भाच्याला विचारले, “जुने कार्ड मेले आहे असे तुला कोणी सांगितले?”

खाडीकाठची हवा दमट. पंधरा-सोळा वर्षे माळ्यावर पडलेल्या कार्डाच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ आणि गंज यांचा थर बसणे अगदी साहजिक आहे. वीज त्या थरातून नीट जात नाही आणि यंत्राला कार्ड दिसत नाही. यंत्र बंद करून कार्ड बाहेर काढले. शाळेतल्या साध्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने घासल्या, रबराचा चुरा झटकला आणि कार्ड पुन्हा बसवले. पडद्यावर कार्ड दिसू लागले! चार नोंदींपैकी एक खराब झाली होती. पण भावोजींची स्पर्धा शाबूत होती. त्यांचा चेहरा काय खुलला म्हणता!

मग प्रश्न मिटला का? नाही. इथेच खरा विचार सुरू होतो, आणि त्यासाठी कार्डाच्या पोटात शिरावे लागेल.

कार्डातल्या चिपेत लाखो सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. यातल्या प्रत्येकात एक छोटा कप्पा असतो, त्याला ‘तरंगते गेट’ म्हणतात. त्याच्या चहूबाजूंना सिलिकॉन ऑक्साइडचा विद्युतरोधक थर असतो. कोणतीही तार त्याला जोडलेली नसते. ही कल्पना १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. जास्त दाबाची वीज दिली की इलेक्ट्रॉन त्या थरातून आत शिरतात. भिंत ओलांडण्याइतकी शक्ती नसताना ते पलीकडे जातात, म्हणून या क्रियेला ‘टनेलिंग’ म्हणजे बोगद्यातून जाणे म्हणतात. पारसिकच्या डोंगराला बोगदा आहे म्हणून गाडीला डोंगर चढावा लागत नाही. इलेक्ट्रॉनच्या भिंतीला मात्र खरे भोक नसते! हा पुंजभौतिकीचा चमत्कार पुढे कॉलेजात शिकाल.

आत गेलेला इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडत नाही. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला डब्यात रेटला गेलेला प्रवासी मधल्या स्टेशनावर उतरू शकतो का? तसेच हे. कप्प्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून यंत्र शून्य किंवा एक वाचते. आणि पुसताना? मुंबईला शेवटच्या स्टेशनावर सगळा डबा एकदम रिकामा होतो, त्याप्रमाणे कप्प्यांचा एक अख्खा गट एकदम रिकामा करतात. तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली अशी स्मृती जगापुढे मांडली. एका झटक्यात पुसले जाणे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले: ‘फ्लॅश मेमरी’. ‘प्लेस्टेशन २’ च्या कार्डात हा गट ८ किलोबाइटचा असतो. जुनी नोंद पुसली आहे आणि नवी पुरती लिहिलेली नाही, अशा क्षणी वीज गेली किंवा कार्ड उपटले तर दोन्ही नोंदी जातात. नोंद होत असताना ‘कार्ड काढू नका’ अशी सूचना येते, ती याचसाठी. भारनियमनाच्या काळात शहाणी मुले एकाच खेळाच्या दोन नोंदी ठेवत आणि आलटून पालटून लिहीत. एक बिघडली तरी दुसरी राही.

अशा चिपेतील एक गट साधारण एक लाख वेळा पुसता येतो. रोज वीस वेळा तोच गट पुसला तरी पाच हजार दिवस, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ. तेव्हा मुलांच्या खेळाने कार्ड झिजेल ही भीती नको. भीती आहे ती नुसते पडून राहण्याची. विद्युतरोधक थर कितीही चांगला असला तरी इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतातच. फ्लॅश चिपेत माहिती टिकण्याची मुदत साधारणपणे दहा वर्षे धरली जाते. त्यानंतर ती लगेच पुसते असे नव्हे; पण हमी संपते. भावोजींची एक नोंद बिघडली होती, ती कदाचित याच कारणाने.

म्हणजे कार्ड घेण्यासारखे होते, पण भाच्याने सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. जागा भरपूर होती, जुने कार्ड चालतही होते. हवी होती ती दुसरी प्रत. नव्याने लिहिताना इलेक्ट्रॉन पुन्हा पुरेपूर भरले जातात, त्यामुळे प्रत ताजी होते. यंत्राला कार्डाच्या दोन खाचा आहेत, त्या अशा वेळी फार उपयोगी पडतात.

तरी मी लगेच कल्याणला जाऊ दिले नाही. आधी यंत्राची परीक्षा! तबकडी वाचणारे लेसरचे भिंग अधू झाले असेल तर कार्ड घेऊन उपयोग काय? ठाण्याला राहणाऱ्या चुलतभावाकडे याच यंत्राचे एक कार्ड होते. रविवारी भाचा ते मागून घेऊन आला. सहाही तबकड्या लावून पाहिल्या. पाच चालल्या, एक चरे पडल्यामुळे अडली. स्पर्धेची प्रत चुलतभावाच्या कार्डावर घेतली आणि ती तिथून उघडते का, हेही पाहिले. मगच कल्याण.

तुमच्यापैकी पुष्कळांकडे हे जुने यंत्र नसेल. नव्या यंत्रांत हिशेब निराळा असतो. प्लेस्टेशनच्या २००६ सालच्या पुढच्या आवृत्तीत नोंदी आतल्या हार्ड डिस्कवर राहू लागल्या. २०१७ सालच्या ‘निन्टेन्डो स्विच’ मध्ये मायक्रोएसडी कार्डावर अख्खे खेळ साठवतात, आणि ते काही गिगाबाइटचे असू शकतात. खेळातील प्रगतीची नोंद मात्र यंत्राच्या आतच राहते. म्हणून तिथे कार्ड घ्यायचे की नाही, हे तुम्ही किती खेळ उतरवून ठेवता यावर ठरते. या कार्डांत फसवणूकही फार चालते. चार मजली इमारतीच्या पाटीवर सोळा मजले लिहिले आणि नवव्या मजल्याची पत्रे पोस्टमन पहिल्यावर टाकू लागला, तर पहिल्या मजल्यावरच्या पत्रपेटीचे काय होईल? खोटे कार्ड यंत्राला मोठा आकडा सांगते आणि जागा संपली की जुन्या माहितीवरच नवी लिहीत सुटते. सुरुवातीला काहीच कळत नाही. कार्ड काठोकाठ भरून, पहिली फाइल पुन्हा उघडून पाहणे हीच त्याची खरी परीक्षा. संगणकावर हे काम करणारे ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफ३’ असे मोफत प्रोग्रॅम आहेत.

कल्याणच्या दुकानात भाच्याने आठ मेगाबाइटचे कार्ड मागितले. पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या, बिल घेतले आणि चालले नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल हे बिलावर लिहून घेतले. घरी आल्यावर जुन्या कार्डावरचे सगळे नव्यावर उतरवले, यंत्र बंद केले, जुने कार्ड काढून ठेवले आणि एकट्या नव्या कार्डावर स्पर्धा उघडली. उघडली! उपांत्य सामना त्या रात्री भावोजी आणि भाचा मिळून खेळले. हरले. पण नोंद आधीच केलेली असल्यामुळे सामना पुन्हा पहिल्या चेंडूपासून सुरू करता आला.