चुन्याची आच : भट्टीने घेतली, बादलीने दिली

अहिल्यानगरचा फराहबाग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. निजामशाहीत, 1583 मध्ये पूर्ण झालेला हा महाल दगड-चुन्यात उभा आहे. जुन्या घरांतून ईदच्या आधी सफेदीसाठी आजही आपण चुनाच भिजवतो. कळीचा चुना पाण्यात पडला की बादली खदखदू लागते. खाली चूल नाही, मग ही आच कुठून येते?

दहावीची मुलेही सांगतील, ही उष्मादायी अभिक्रिया आहे. पण कोणती अभिक्रिया उष्णता देईल आणि कोणती घेईल, हे आधीच कसे ओळखायचे?

पदार्थातले रासायनिक बंध तोडायला उष्णता खर्च होते, नवे बंध जुळताना ती मिळते. मिळकत जास्त असेल तर अभिक्रिया उष्मादायी, खर्च जास्त असेल तर उष्माग्राही.

आता चुन्याचा हिशेब मांडू. भट्टीत 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो. त्यात सुमारे 178 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणूनच भट्टी पेटती ठेवावी लागते. हा चुना पाण्यात विरला की सुमारे 65 किलोज्यूल परत मिळतात. पेलाभर पाणी उकळीच्या जवळ न्यायला एवढी उष्णता पुरते. उरलेले 113? भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो, तेव्हा तेही सुटतात. पण हे काम इतके हळू चालते की हाताला काही जाणवत नाही. 65 आणि 113 मिळून 178. देणे-घेणे फिटले!

अभिक्रिया उलटी केली की घेतलेली उष्णता तितकीच परत मिळते. वाट एका टप्प्याची असो वा दोन, बेरीज बदलत नाही. रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांनी हा नियम 1840 मध्ये मांडला. त्यामुळे दोन टप्पे माहीत असले की तिसऱ्याची उष्णता प्रयोग न करताही काढता येते.

हिशेब कळला की धोकाही आधीच दिसतो. कळीच्या चुन्यावर पाणी ओतू नका. भरपूर थंड पाण्यात चुना थोडा थोडा टाका. बादली प्लास्टिकची नको, लोखंडी घ्या. डोळ्यांवर चष्मा असू द्या, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात चुना उडालाच तर चोळू नका. लगेच वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. चुना तापून भाजतो, आणि थंड झाल्यावरही डोळ्याला तितकाच घातक असतो.