पहिल्या पावसाआधी

मुरूडच्या आमच्या परसात दादीच्या पाच शेळ्या होत्या. एका वर्षी मृगाचा पाऊस पडला, कोवळे गवत वर आले, शेळ्यांनी ते पोटभर खाल्ले आणि दोन दिवसांत तीन शेळ्या गेल्या. दादी म्हणाली, "नजर लागली."

तो आंत्रविषार होता, हे मला फार उशिरा कळले. कोवळा चारा एकदम पोटात गेला, की आतड्यातले जंतू झपाट्याने वाढतात आणि विष तयार करतात. औषधोपचाराला वेळच मिळत नाही. यावर उपाय म्हणजे मे महिन्यात लस टोचणे. पहिल्यांदाच टोचत असाल, तर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. दादीची माया कमी नव्हती, माहिती कमी होती.

ही माहिती आता शिकता येते. रोहा तालुक्यात किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यांना आणि ग्रामीण तरुणांना तिथे प्रशिक्षण मिळते. 'उमेद' अभियानात बचतगटांतल्या महिला पशुसखी होतात. पशुसंवर्धनाची पदविकाही घेता येते. उपचार पशुवैद्यकानेच करायचे. पण आजार वेळीच ओळखणे, गोठा कोरडा ठेवणे, लसीकरणाची आणि चारा-खर्चाची नोंद ठेवणे, हे शिकलेल्या माणसाचे काम आहे.

आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांचे डोळे आखाताकडे लागलेले असतात. त्यात गैर काही नाही. पण गावातल्या एकाने जरी हे शिकून घेतले, तर पुढच्या मृगात कुणाच्या दादीला नजरेला दोष द्यावा लागणार नाही.