रिकाम्या मांडण्या आणि भरलेली कोठारे

गाझियाबाद हे उत्तर प्रदेशातील शहर दिल्लीच्या पूर्व सीमेस लागून वसलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. दिनांक ८ एप्रिल २०२० रोजी या शहरात एक बातमी पसरली. राज्य शासन गाझियाबादसह पंधरा जिल्हे त्या मध्यरात्रीपासून ‘सील’ करणार, असे ती सांगत होती. कोरोना विषाणूच्या महासाथीमुळे देशभर टाळेबंदी लागू होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. बातमी कानी पडताच लोक किराणा मालाच्या, भाजीच्या आणि औषधांच्या दुकानांकडे धावले. ज्या गर्दीतून रोग फैलावतो तीच गर्दी दुकानांसमोर जमली.

नंतर अधिकाऱ्यांनी खुलासा केला. संपूर्ण जिल्हे बंद व्हावयाचे नव्हते. रुग्ण आढळलेल्या ठराविक वस्त्याच तेवढ्या बंद होणार होत्या. गाझियाबादेत प्रारंभी अशा तेरा वस्त्या होत्या, आणि तेथील रहिवाशांना आवश्यक वस्तू घरपोच मिळावयाच्या होत्या. तथापि खुलासा बाजारात पोहोचण्यापूर्वी खरेदी होऊन गेली होती. एका संदिग्ध शब्दाने एवढी उलथापालथ का व्हावी, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे.

धान्य खरोखर कमी होते काय?

१ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात गहू व तांदूळ मिळून सुमारे ७ कोटी ४० लाख टन धान्य होते. त्या तारखेस राखीव साठा म्हणून सुमारे २ कोटी १० लाख टन असावेत, असा संकेत आहे. म्हणजे साठा गरजेच्या साडेतीनपट होता. शिवाय उत्तर भारतात गव्हाचे पीक नेमके याच महिन्यात कापणीस येते. सारांश, देशात धान्याचा तुटवडा नव्हता.

परंतु सरकारी कोठारातील गहू आणि दुकानाच्या मांडणीवरील आट्याची पिशवी यांत बरेच अंतर असते. मध्ये गिरणी, घाऊक व्यापारी, मालमोटार आणि हमाल असे अनेक दुवे आहेत. टंचाई उत्पन्न होते ती बहुधा या मधल्या वाटेवर.

दुकानाचे साधे गणित

एका दुकानातून सहाशे कुटुंबे आटा नेतात अशी कल्पना करावी. प्रत्येक कुटुंबास महिन्यास दहा किलो आटा लागतो. महिन्याची विक्री सहा हजार किलो, म्हणजे दिवसाची सरासरी दोनशे किलो झाली. दुकानदार पाच दिवसांचा, म्हणजे एक हजार किलो साठा जवळ ठेवतो. जागेचे भाडे आणि गुंतलेले भांडवल पाहता याहून अधिक साठा त्यास परवडत नाही. निरनिराळी कुटुंबे निरनिराळ्या दिवशी येतात, या गृहीतावर त्याचा व्यवहार सुरळीत चालतो.

आता एके संध्याकाळी पन्नास कुटुंबे एकदम आली आणि प्रत्येकाने दहाऐवजी वीस किलो आटा नेला, तर तो सारा साठा संपतो. सहाशेतील पन्नास म्हणजे केवळ बारावा हिस्सा. उरलेल्या साडेपाचशे कुटुंबांनी काहीही केलेले नसताना त्यांना रिकामी मांडणी दिसते. ती पाहून त्यांचीही खात्री पटते की आटा संपला, आणि माल येताच तीही दुप्पट खरेदी करतात. वास्तविक कोणाच्याही घरी एक पोळी अधिक खाल्ली गेलेली नसते. बदललेली असते ती केवळ खरेदीची वेळ.

साखळीतील हेलकावे

हा धक्का दुकानापाशी थांबत नाही. दुकानदार मागणी वाढली असे समजून घाऊक व्यापाऱ्याकडे जास्त माल मागतो. व्यापारी गिरणीकडे त्याहून अधिक मागतो. मागणीचा लहानसा हेलकावा साखळीत मागे जाता जाता मोठा होत जातो, हे अमेरिकेतील जे फॉरेस्टर या अभियंत्याने १९५८ मध्ये दाखवून दिले होते.

त्यातच २०२० च्या मार्चमध्ये साखळीचे दुवे स्वतःही दुबळे झाले होते. आवश्यक मालास टाळेबंदीतून सूट असली, तरी नाक्यानाक्यावर वाहने अडत होती. पीठ आवश्यक मानले, तरी पिठाची पिशवी, मोटारीचा सुटा भाग आणि चालकाचे जेवण हेही तितकेच आवश्यक असते. अखेर २९ मार्च रोजी केंद्रीय गृहखात्याने आवश्यक व अनावश्यक असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीस मोकळीक द्यावी, असे राज्यांस कळविले.

स्वतःस खरे करणारे भाकीत

अशा खरेदीस वेडेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे. शेजारी माल नेत आहेत हे दिसत असता स्वस्थ बसणाऱ्याच्या वाट्यास खरोखरच काही उरत नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता समंजस असतो. सर्वांचे निर्णय एकत्र आले की अनर्थ होतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये यास ‘स्वतःस खरे करणारे भाकीत’ असे म्हटले. पेढी बुडणार या खोट्या अफवेने सर्व ठेवीदार एकाच वेळी पैसे काढू लागले, तर सुस्थितीतील पेढीही बुडते, असे उदाहरण त्यांनी दिले होते.

या अनर्थाचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. महिन्याचा किराणा एकदम भरण्यास हाती पैसा आणि घरी जागा लागते. रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ घेणाऱ्याजवळ दोन्ही नसतात. टाळेबंदीत तर मजुरीही थांबली होती. अशांसाठी २६ मार्च रोजी केंद्र शासनाने सुमारे ऐंशी कोटी लोकांना तीन महिने दरमहा माणशी पाच किलो अधिक धान्य विनामूल्य देण्याचे जाहीर केले. मुखपट्ट्यांची कथाही अशीच होती. १३ मार्च रोजी त्या आवश्यक वस्तूंत घालण्यात आल्या, आणि २१ मार्च रोजी तीन पदरी मुखपट्टीची कमाल किंमत दहा रुपये ठरविण्यात आली. घरोघरी साठविलेली प्रत्येक जास्तीची मुखपट्टी एखाद्या परिचारिकेस कमी पडत होती.

टंचाई खरी असते तेव्हा

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गाझियाबादेने खरी टंचाई पाहिली. या वेळी तुटवडा प्राणवायूचा होता. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. परंतु तो वेगळा करून उणे १८३ अंश सेल्सियसखाली द्रवरूपात ठेवावा लागतो आणि खास टाक्यांतून न्यावा लागतो. अशा टाक्या व नळकांडी एका दिवसात वाढविता येत नाहीत. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घरात ठेवलेले नळकांडे त्याच क्षणी दुसऱ्या गल्लीतील रुग्णास दुर्मिळ होत होते.

त्या दिवसांत इंदिरापुरम येथील गुरुद्वाऱ्याने ‘ऑक्सिजन लंगर’ चालविला. रुग्णालयात जागा न मिळालेल्या रुग्णांना रस्त्यावर, मोटारीत बसल्या जागी विनामूल्य प्राणवायू दिला जाई. ती काही रुग्णालयाची जागा घेणारी व्यवस्था नव्हती. परंतु तीत एक शास्त्रीय तत्त्व होते. सर्वांना एकाच क्षणी गरज लागत नाही. म्हणून सामाईक साठा हा घरोघरच्या वेगवेगळ्या साठ्यांच्या बेरजेहून पुष्कळ लहान असला, तरी काम भागते. घरात पडून राहिलेले नळकांडे एकाच्या भीतीचे समाधान करते. सामाईक नळकांडे दिवसभरात अनेकांना श्वास देते.

उपाय कोणते?

पहिला उपाय स्पष्ट शब्दाचा. कोणती वस्ती बंद, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणती दुकाने उघडी, हे अफवेच्या आधी सांगितले गेले पाहिजे. दुसरा, दर ग्राहकास ठराविक मर्यादा. तीमुळे मांडणी रिकामी दिसत नाही आणि भीतीस खाद्य मिळत नाही. तिसरा, वाहतुकीची साखळी अखंड ठेवणे आणि गरिबाचे धान्य त्याच्या दारापर्यंत पोहोचविणे.

चौथा उपाय घरातला आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी बेगमी करण्याची रीत जुनी आहे. धान्य, डाळी, पापड, लोणची उन्हाळ्यातच भरून ठेवतात. ही बेगमी आणि संकटकाळची साठेबाजी यांत भेद आहे तो वेळेचा. माल मुबलक असता थोडाथोडा जमविलेला साठा कोणाच्याही ताटातून काढलेला नसतो. उलट संकट आले की ते घर बाजारावरील आपला भार काही दिवस हलका करते. माल कमी असता एकदम उचललेला साठा मात्र दुसऱ्याच्या वाट्याचा असतो. दोन्ही पोती दिसावयास सारखीच; त्यांतील फरक आज, बाजार भरलेला असतानाच, ध्यानी घेतला पाहिजे.