पिंगळा कीं रानपिंगळा? छायाचित्रावरून पारख

धानाच्या बांध्यांभोंवतीं उंदीर व किडे टिपणारा पिंगळा भंडारा जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंस नवा नाहीं. आतां घरोघरीं मोबाईल आल्यामुळें कोक्याच्या जंगलालगत शेत असलेल्या कोणासही त्याचें छायाचित्र घेतां येतें. मात्र पक्षी जंगलांत दिसला, एवढ्यावरून चित्राखालीं ‘रानपिंगळा’ असें लिहिणें योग्य नव्हे. रानपिंगळा हा निराळा व अत्यंत दुर्मिळ पक्षी आहे. त्याच्या एका खोट्या नोंदीनें केवढा घोटाळा झाला, हें प्रथम सांगणें अवश्य वाटतें.

डिसेंबर १८७२ मध्यें ब्लेविट यांस हा पक्षी छत्तीसगडांतील फुलझर भागांत मिळाला व १८७३ सालीं ॲलन ह्यूम यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. १८८४ पर्यंत अवघे सात नमुने जमले. पुढें मेनर्टझागेन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १९१४ सालीं तापीकांठच्या मांडवी येथें एक पक्षी मिळविल्याचें सांगितलें. वस्तुतः तो जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें पूर्वीं खानदेशांत मिळविलेला नमुना होता. ब्रिटिश म्युझियममधून तो चोरून, नव्यानें भरून, त्यास खोटी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूस सारून पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या प्रामाणिक नोंदींच्या मागानें शहाद्यास गेले, तेव्हां नोव्हेंबर १९९७ मध्यें, म्हणजे ११३ वर्षांनीं, जिवंत रानपिंगळा दृष्टीस पडला. एक खोटा फेरफार पुढील सर्व सातबारे बिघडवितो, हें शेतकऱ्यांस सांगणें नलगे. पक्ष्यांच्या नोंदींचेंही तसेंच आहे.

आतां ओळखीच्या खुणा पाहूं. आपल्याकडे गोंधळ होईल असे पक्षी तीन, व तिन्ही सुमारें वीतभर उंचीचे; म्हणून आकारावरून निवाडा होत नाहीं.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. भुंवया पांढऱ्या असून मानेमागें पांढरी पट्टी असते. छातीवरील तपकिरी ठिपके पोटावरही उतरलेले दिसतात.

रानपिंगळ्याचें डोकें व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची असते. छाती गडद तपकिरी, परंतु खालचें पोट स्वच्छ पांढरें. पट्टे असतात ते केवळ कुशीस. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असून तिचें टोंक पांढरें असतें. डोकें मोठें, पाय दाट पांढऱ्या पिसांनीं झांकलेले व नख्या बळकट असतात.

तिसरा, ज्यास कोणी जंगली पिंगळा म्हणतात, त्याचें डोकें व पाठ बारीक आडव्या रेघांनीं भरलेली असते. नांवें जवळचीं असलीं तरी पक्षी भिन्न होत.

छायाचित्र फसवितें तें असें: सायंकाळच्या उजेडांत करडा रंग तपकिरी भासतो, झिजलेल्या पिसांवर ठिपके पुसट होतात, सावलीमुळें भुंवया लपतात. म्हणून रंगावर विसंबूं नये. पक्षी दिवसा दिसला, हाही पुरावा नव्हे; तिन्ही पक्षी दिवसा दृष्टीस पडूं शकतात. समोरून पोट, मागून पाठ व खालून शेपटी, अशीं तीन चित्रें घ्यावीं. त्यांत पोटाचें चित्र सर्वांत महत्त्वाचें. सोबत गांव, तारीख, वेळ, झाड व पक्ष्याची हालचाल त्याच दिवशीं लिहून ठेवावी. पोट दिसत नसेल तर ‘पिंगळा, जात अनिश्चित’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं.

रानपिंगळा आज मेळघाट, यावल, तानसा इत्यादि ठिकाणीं आढळतो. मेळघाट आपल्या पश्चिमेस व फुलझर पूर्वेस. भंडारा मध्यें आहे. तेव्हां येथील एखादें स्वच्छ चित्र मोलाचें ठरूं शकेल. आणि घाईनें नांव घातलेलें चित्र अभ्यासकांस आडवाटेस नेईल. संशय येईल तेथें चित्र वनखात्यास दाखवावें, घरट्याचें ठिकाण मात्र चारचौघांत सांगूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पिंगळे मारणें वा पकडणें गुन्हा आहे. अशुभ म्हणून त्यांस दगड मारणारांनीं हेंही ध्यानांत ठेवावें, कीं त्यांनीं टिपलेला प्रत्येक उंदीर आपल्याच धानावर जगत होता.