बळकट धातूही थकतो

पकड हाताशी नसली, की आपण तार एका जागी धरून मागेपुढे वाकवतो. एका हिसक्याला दाद न देणारी तार काही वेळा वाकवल्यावर तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी आगगाडीच्या आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. एका वेळी सहज पेलवणारा भारही पुन्हापुन्हा पडत राहिला तर धातू मोडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

या थकव्याचे एक विलक्षण उदाहरण म्हणजे धातुकाच. सर्वसाधारण धातूंत अणू शिस्तीने रचलेले असतात; ही स्फटिकरचना होय. वितळलेला धातू अतिशय वेगाने थंड केला, तर अणूंना रांगा लावण्यास अवधीच मिळत नाही व ते विस्कळीत अवस्थेतच गोठतात. १९६० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोल ड्युवे व सहकाऱ्यांनी सोने आणि सिलिकॉन यांपासून असा पदार्थ मिळवला. तो पारदर्शक नसतो. काचेशी साम्य केवळ अणूंच्या मांडणीचे. पुढे १९९३ साली तेथेच अटाकान पेकर व विल्यम जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांची धातुकाच जाड तुकड्यांत ओतून दाखवली.

तिची ताकद अनेक पोलादांहून अधिक भरली. परंतु वारंवार पडणाऱ्या भाराच्या सुरुवातीच्या चाचण्यांनी निराशा केली. पोलाद सामान्यतः आपल्या ताणशक्तीच्या ४० ते ५० टक्के इतका ताण लक्षावधी वेळा सोसते. या धातुकाचेची मर्यादा सुमारे ४ टक्क्यांवर आली.

असे का व्हावे? धातुकाचेत तडा इतर धातूंपेक्षा फार वेगाने धावतो, असे नाही. फरक आरंभात आहे. सामान्य धातू असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. सूक्ष्म तडा कणांच्या सीमेशी आला, की तो अडखळतो, कधी तेथेच थांबतो. धातुकाचेत अशा सीमाच नाहीत. ताण पडताच अत्यंत अरुंद पट्ट्यांत अणू घसरतात, आणि अडवणारे काहीच नसल्याने त्या पट्ट्याचा लवकरच तडा होतो.

२००९ साली जॉन्सन, रॉबर्ट रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला. धातुकाचेतच त्यांनी झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले मऊ स्फटिक वाढू दिले. पट्ट्याचा तडा होण्याआधीच वाटेत स्फटिक लागावा, इतके त्यांच्यातील अंतर कमी ठेवले. एका झटक्याची ताकद काहीशी उतरली, पण वारंवार सोसण्याची मर्यादा ताणशक्तीच्या सुमारे ३० टक्क्यांवर गेली.

मूल म्हणजे धातू नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही हे वाचताना आम्हांला वसतिगृह आठवले. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे, हे आपण मुलांना सांगतो. आणि 'त्यांनी सोसले, तूही सोस' असेही नकळत सुचवतो. एखादे मूल मोठा आघात पेलते, म्हणून रोजचे टोमणे, आडनावाची चौकशी, घरची ओढ हेही ते पेलत राहील, असे मानणे चूक आहे. शाळा अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुलाविषयी आम्ही अनेकदा म्हटले आहे, "काल तर ठीक होता." तडा कालचा नसतो.

मुलाला आणखी कठोर करणे हा यावरचा उपाय नव्हे. ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असा मोठा विद्यार्थी, अधीक्षक किंवा शिक्षक हाकेच्या अंतरावर असावा. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा देणगीसह यावे, त्याचे स्वागतच आहे. परंतु त्यांनी महिन्यातून एकदा मुलांच्या पंगतीत येऊन बसावे, ही आमची विनंती आहे.